मुलगी म्हणे एसडीएचडी

१८ फेब्रुवारी

चि. ढापण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर बोललो असतो तर हे सगळं पाच मिनिटांत उरकलं असतं, असं शेवटी खोचून लिहिलंयस. अरे, माझा फोनवर राग नाही. पण रिसीव्हर डाव्या कानाला लावला की आत कोणीतरी पाय आपटत फिरल्यासारखं वाटतं, आणि तुझं बोलणं त्या पावलांखाली चिरडून जातं. उजव्या कानाला लावावा तर त्या हातात भिंग असतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईने भिंग खाली ठेवून भाच्याशी गप्पा मारल्या तर गिऱ्हाइकांनी काय करायचं? तेव्हा पत्रच बरं.

सध्या मी एका घड्याळाच्या मागे हात धुवून लागले आहे. दुकानातलं कुठलंतरी एक मोठं घड्याळ चालू आहे आणि कुठलं ते सापडत नाही. धप्, धप्, धप् असा जड आवाज, तेल संपल्यासारखा. गेल्या आठवड्यात मी सगळे लंबक थांबवले. भिंतीवरची सगळी उतरवली. एक एक घोंगडीत गुंडाळून कपाटात कोंडलं. तरी याचं चालूच. गिऱ्हाईक गेलं, शटर ओढलं की जास्तच स्पष्ट. भिंगरी म्हणते तिला काहीच ऐकू येत नाही. पोटुशी बाईला स्वतःच्या खाण्याच्या आवाजापुढे दुसरं काय ऐकू येणार? पाचवा लागलाय तिला. रोज दुकानात येऊन काउंटरवर बसते आणि न विचारता गिऱ्हाइकांना सल्ले देते. माझीच पोर, बोलणार कोणाला?

त्या तुमच्या पाणीखात्यातल्या मीटरवाल्या बाई कशा आहेत? या पत्रात त्या होत्या, त्याआधीच्या पत्रातही होत्या. दिवसभर घरोघर फिरून पाण्याचे आकडे टिपणारी बाई डबा खायला नेमकी नळांचे नकाशे काढणाऱ्याच्याच टेबलाशी का येते, याचं कारण तू ‘खिडकीपाशी उजेड चांगला आहे’ असं दिलंयस. बरं. उजेडाला नावं ठेवणारी मी कोण? पण चाळिशीला टेकलास, एवढं लक्षात असू दे.

माया आहे ती तशीच ठेव. वाढवलीस तर मला उत्तरं लांब लिहावी लागतील.

तुझी,
आत्या

०

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, त्याचं कारण सांगतो. तू बसून वाच. महिनाभर तुझ्यापासून लपवलं, कारण जीभ रेटत नव्हती. आता लपवण्यात अर्थ नाही.

गाठ आहे. सुरुवात न्हाव्याच्या खुर्चीत झाली. पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मला आरशात बघायला लावलं. मी म्हटलं, काहीतरीच काय. पण मग डॉक्टरीणबाईंची भेट झाली. त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितलं की हे आजचं नाही, बरीच वर्षं आतल्या आत वाढत असणार, मलाच पत्ता नव्हता. त्यांनी सगळं नीट पाहून-पारखून घेतलं, आणि परवा स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या की गाठ पक्की आहे, आता शंका नको. एसडीएचडी आहे. मला आधी काही कळलं नाही, मग त्यांनी कागदावर लिहून दिलं.

घाबरण्यासारखं काही नाही. सोडवायची घाई त्यांना नाही. मात्र आता हे जन्माचं झालं, दर वर्षी भेटत राहावं लागेल. आपल्या घराण्यातलंच आहे, असंही कळलं. त्यामुळे तुलाही एकदा भेटायची त्यांची इच्छा आहे. येशील का? खोलीत दुसरी गादी टाकतो. जेवण, झोप, काम सगळं ठीक आहे. टेबल तेवढं खिडकीपासून हलवून आत घेतलं आहे, उन्हाचा त्रास होत होता.

भिंगरीला काही सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल.

लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ नये.

तुझा,
ढापण्या

०

१० मार्च

माझ्या राजा, माझ्या सोन्या, अरे ढापण्या,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

अखेर गाठ बसली म्हणायची! वाचता वाचता मी एका गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला स्टुलावरून उठवलं आणि गोल फिरवलं. त्याला वाटलं त्याचं घड्याळ चालू झालं. न्हाव्याने आधी ओळखलं, हे मला पटलं. माणसाचा चेहरा रोज हातात घेणाऱ्याला त्याच्यावर काय चढलंय ते कळणारच. आणि मुलगी तर भलतीच खंबीर दिसते! तुला पाहून-पारखून स्वतःच्या तोंडाने गाठ पक्की म्हणाली? आमच्या वेळी आम्ही पदराची टोकं पिळत बसायचो. मला आवडली.

आता माझे प्रश्न. एमडी मी ऐकलं आहे, एमएस ऐकलं आहे. एसडीएचडी हे त्याच्या वरचं का? खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला विचारलं, तर त्याला सांगता आलं नाही. म्हणजे बरंच वरचं असणार. आपल्या घराण्यातली म्हणतोस, ती कोणाकडची? फार जवळची असेल तर मला चालायचं नाही, आधीच सांगून ठेवते. आणि दर वर्षी भेटावं लागेल म्हणजे काय रे? लग्न करून वर्षातून एकदा भेटणार? तिला मोठ्या इस्पितळात जागा असेल, मान्य आहे, पण संसार असा होत नाही. ‘सोडवायची घाई नाही’ हे वाक्य तर मी वाचलंच नाही असं समज. सोडवायची भाषा आत्तापासून?

खरं सांगू? मला आपलं वाटलं होतं की ती मीटरवाली असेल. तुझ्या अक्षरावरून वाटायचं. तिच्याबद्दल लिहिताना तू काने जरा उंच काढायचास. असो. माझा अंदाज चुकला.

ते घड्याळ अजून सापडलेलं नाही. मी आता त्याच्या खोड्या ओळखायला लागले आहे. मी जिना चढून वर आले की ते पळायला लागतं. जरा आडवी झाले की दमाने चालतं. काल तुझं पत्र वाचताना तर असं धावत सुटलं, की मला वाटलं त्यालाही बातमी कळली. असलं घड्याळ उभ्या जन्मात पाहिलं नाही.

मी येते. साडी कुठली नेसू ते कळव. भिंगरीला अर्थातच सांगितलं, ती तर नाचायचीच बाकी आहे.

सुनेसह लोभ असावा.

आनंदात,
तुझी आत्या

०

१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, गाठ म्हणजे गाठ. मानेतली. उजव्या जबड्याखाली, लिंबाएवढी. दाढी करताना न्हाव्याच्या बोटाला लागली. डॉक्टरीणबाईंना तीन नातवंडं आहेत.

चूक माझी. वाईट बातमी गादीत गुंडाळून द्यायची आपल्या घराची सवय, ती मी पाळायला गेलो. आता सरळ लिहितो. गाठ साधी आहे, जिवावरची नाही, सध्या तिच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं आहे. आणि एसडीएचडी ही पदवी नाही, ते एका जनुकाचं नाव आहे. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते तुझ्या भाषेत सांगतो.

शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक वीजघरं असतात. आपण घेतलेला श्वास शेवटी तिथे कामी येतो. तिथे प्रथिनांची एक साखळी आहे, एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, असं करत ताकद तयार होते. त्या साखळीतला एक दुवा चार तुकड्यांचा आहे. त्यातला एक छोटा तुकडा बाकीच्यांना जागेवर धरून ठेवतो, चाक प्लेटला धरून ठेवणाऱ्या स्क्रूसारखा. तो स्क्रू कसा घडवायचा याची कृती या एसडीएचडीत लिहिलेली असते, आणि आपल्याकडच्या कृतीत एक अक्षर चुकलेलं आहे. बस, एवढंच.

आता गंमत बघ. मानेत तांदळाच्या दाण्याएवढी एक वस्तू असते. रक्तात प्राणवायू पुरेसा आहे की नाही, यावर लक्ष ठेवणं तिचं काम. स्क्रू ढिला झाला की तिला उगाच वाटतं हवा कमी पडली. हवा भरपूर असते, पण ही घाबरून वाढत सुटते. काही झालेलं नसताना बोंब मारायची, म्हणजे आपल्याच घराण्यातली, यात शंका नाही. आजोबा बारा महिने मफलर गुंडाळून का बसायचे, हेही मला आता कळलं. बाबा लवकर गेले, त्यांचं काही कळायला वेळच मिळाला नाही.

आणि आता मुद्द्याचं. तशीच वस्तू कानाच्या पडद्यामागेही असते. ती वाढली तर माणसाला स्वतःच्या नाडीचे ठोके कानात ऐकू येतात. जिना चढल्यावर पळणारं आणि आडवं झाल्यावर दमाने चालणारं घड्याळ कुठल्याही कंपनीने काढलेलं नाही, आत्या. ते तुझ्या डाव्या कानात आहे. तुझं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या, बाईंना ताबडतोब घेऊन या. आत्ता लहान असेल तर सहज निघेल. मोठी होऊ दिली तर कान जाईल, चेहऱ्याची नसही धोक्यात येईल.

मीटरवाल्या बाईंचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

लोभ असू दे आणि उलट टपाली गाडीची वेळ कळव.

तुझा,
ढापण्या

०

२० मार्च

चि. ढापण्यास,
आशीर्वाद.

तुझ्या मानेचं वाचून दोन दिवस अन्न गेलं नाही. काळजी घे, डॉक्टरीण सांगेल तसं कर, जड उचलू नकोस.

माझ्या कानाला मात्र काही झालेलं नाही. आवाज त्या कोपऱ्यातल्या उभ्या घड्याळाचा आहे, ते मी आज पक्कं शोधून काढलं. त्यामुळे मी येत नाही. माझ्या कानात कोणी बोट घालायचं नाही, सुई नाही, यंत्र नाही, रक्ताची बाटली नाही. हा विषय मी कानामागे टाकला आहे आणि तूही टाकावास.

तुझी ही दोन्ही पत्रं मी फाडून टाकली. भिंगरीला यातलं चकार अक्षर कळता कामा नये. तिला मी सांगितलं, लग्न मोडलं, मुलगी फार शिकलेली निघाली. तूही तेच सांग.

आत्या

०

२७ मार्च

प्रिय दादास,
सा. न.

तुझं मोडलेलं लग्न माझ्या हातात आहे. आई पत्रं फाडत नाही, मोठ्या घड्याळाच्या पोटात लंबकामागे दडवते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. सगळी वाचली. लिंबाएवढी गाठ घेऊन तू माझ्यापासून तोंड लपवून बसलास याबद्दल तुझा कान मी भेटल्यावर उपटीन. आत्ता आईचा कान महत्त्वाचा.

दादा, ती अजिबात ठीक नाही. त्या कोपऱ्यातल्या घड्याळाला काटेच नाहीत, ते कधीपासून बंद आहे. डाव्या बाजूने हाक मारली तर तिला ऐकू येत नाही, ती हसून काहीतरी भलतंच उत्तर देते. परवा एका गृहस्थांनी पट्टा बदलायचा का विचारलं, तर म्हणाली, हो, धाकटा कसा आहे? आणि गेल्या आठवड्यापासून तिने एक नवीनच उद्योग काढलाय. माझ्यासाठी गळाबंद स्वेटर विणायचा म्हणून रोज माझी मान मोजते. या उकाड्यात! टेप बाजूला ठेवून नुसती बोटं फिरवत राहते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी विचारलं, लोकर कुठे आहे? तर म्हणाली, रंग ठरवते आहे.

शेवटी काल तिला गाठलं. दार लावलं आणि विचारलं, तू का जात नाहीस? आधी चिडली. मग एकदम रडायला लागली. तिचं म्हणणं असं की तिला हे नाव चिकटलं की ते मलाही चिकटणार, आणि माझ्यातून पोटातल्याला. मी दिवस भरेपर्यंत ती भीती घेऊन जगावं, त्यापेक्षा तिचा एक कान गेला तर गेला, दुसरा आहे. कोणी तपासलंच नाही तर कोणाला काही झालेलं नाही, असा तिचा हिशेब. मला इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं कळेना. मी तिला जवळ घेतलं आणि दोघी बराच वेळ रडलो. बाहेर गिऱ्हाईक घंटी वाजवून निघून गेलं.

मी काही काचेची नाही, दादा. खरं काय ते मला चालेल. तू त्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचार की आईत असेल तर माझ्यात आणि बाळात काय होईल. जे म्हणतील ते तिला स्पष्ट लिही. गादीत गुंडाळू नकोस.

आणि ते टेबल परत खिडकीशी ने. उन्हाचं कारण आईला पटलेलं नाही, मलाही नाही.

तुझी खमकी बहीण,
भिंगरी

०

३ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीने पत्रं वाचली आहेत. लंबकामागे बघ, क्रम बदललेला असेल. आता तिच्यावर ओरडायच्या आधी हे पुढचं वाच, कारण हे वाचून तुला ओरडायचं सुचणार नाही.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या एसडीएचडीची एक अजब खोड आहे. बिघडलेलं जनुक वडिलांकडून आलं तरच जागं होतं. आईकडून आलं तर अंगात असूनसुद्धा जन्मभर घोरत पडतं. माझा विश्वास बसेना, मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. एखादा अपवाद सापडला आहे म्हणे, पण तो पुस्तकात छापावा इतका दुर्मिळ.

सोबत नकाशा काढून पाठवतो आहे, मला दुसरं येतं काय? वरची टाकी म्हणजे आजोबा. तिथून दोन पाईप निघतात, एक बाबांकडे, एक तुझ्याकडे. दोन्ही वडिलांकडून आलेले, म्हणून दोन्हींचे नळ उघडे. बाबांकडून माझ्याकडे आलेला, तोही उघडा, म्हणून ही गाठ. आता तुझ्याकडून भिंगरीकडे जाणारा पाईप बघ. तिथे मी लाल शाईने आडवी रेघ मारली आहे. तो आईकडून जातो, म्हणून तिथला नळ बंद. तिच्यात ते जनुक गेलं असो नसो, गाठ व्हायची नाही. तिच्याकडून बाळाकडे जाणाराही आईकडूनच, तोही बंद. पुढे बाळ मुलगा निघाला, त्याच्यात ते गेलं असलं, आणि त्याला मुलं झाली, तर त्या मुलांना तपासावं लागेल. तोवर आपण दोघं फोटोत बसून मजा बघत असू.

म्हणजे तू ज्या भीतीपायी कान द्यायला निघाली होतीस, ती भीती खोटी आहे. तुझ्या पोरीला तुझ्याकडून काही होत नाही. आता ये. मला तुझा आवाज फोनवर ऐकायचा आहे, मग पलीकडून शिव्या आल्या तरी चालतील.

माया करतेसच, ती ऐकण्याइतका कान शिल्लक ठेव.

तुझा,
ढापण्या

०

९ एप्रिल

चि. ढापण्यास,
पोटभर आशीर्वाद.

पत्र काउंटरवरच वाचलं आणि तिथेच हमसून रडले. समोरच्या बाईंना वाटलं त्यांच्या सासऱ्यांचं घड्याळ दुरुस्त होणार नाही. त्या मलाच धीर द्यायला लागल्या. किती हलकं वाटलं तुला कसं सांगू? इतके दिवस मी त्या पोरीची मान चाचपत होते आणि प्रत्येक शिर मला गाठ वाटत होती. स्वेटर रद्द.

तेव्हा मी येते. सोमवारी सकाळच्या गाडीने. कान त्या बाईंच्या स्वाधीन करते, काय कापायचं ते कापू दे.

पण आता माझी पाळी. तुझा नकाशा मी भिंगाखाली धरून पाहिला. सुबक आहे. टाकी, पाईप, नळ, लाल रेघा, बाण, सगळं जागच्या जागी. फक्त एक पाईप तू अर्धवट सोडलायस, तुझ्या नावाखालचा. थोडासा खाली आणलास आणि थांबलास. पुढे ना नळ, ना रेघ, ना काही. पाईप कुठे जातो ते न दाखवणारा नकाशा पाणीखात्यात चालतो का रे?

मग मी तुझी सगळी पत्रं परत काढली. मीटरवाल्या बाई जानेवारीत आहेत, फेब्रुवारीत आहेत. तिला चावायला आलेलं कुत्रं आहे, तिची तुटलेली छत्री आहे, ती कशी हसते ते आहे. गाठीचं कळवलंस त्या पत्रापासून ती नाही. एकदाच येते, तीही तिचा संबंध नाही एवढं सांगायला. आणि त्याच सुमारास टेबल खिडकीपासून हललं.

वडिलांकडून गेलं तर जागं होतं. म्हणजे माझ्या पोरीचा नळ बंद आणि तुझ्या पोरांचा उघडा. ते तू मला लिहिलं नाहीस. माझ्या जिवाला आराम पडावा म्हणून पानभर लिहिलंस आणि स्वतःची ओळ गिळून बसलास. वाईट वाटलं रे मला. मी लग्न लग्न करून तुझं डोकं खाल्लं, आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस.

पण दया वगैरे दाखवणार नाही, ते माझ्याच्याने होत नाही. सौदा करते. पोरीला कळू नये म्हणून मी गप्प बसले, तर तू मला किती ऐकवलंस? आता तूच गप्प बसला आहेस. मी कान देते, तू तिला सांगायचं. ती नाही म्हणाली तर नाही. पण तिच्या वाटणीचं उत्तर तू द्यायचं नाही.

गादी टणक टाक, मऊवर माझी पाठ धरते.

तुझी,
आत्या

०

२८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे पोटातल्याला.

हे पत्र पोचेल तेव्हा तुझी आई घरी आलेली असेल. तिला कान ओला करू देऊ नकोस, पट्टी स्वतः सोडू देऊ नकोस, आणि वाकून काम करू देऊ नकोस. तिन्ही गोष्टी ती करणार, तरी सांगून ठेवतो.

पडद्यामागची गाठ वाटाण्याहून लहान निघाली, कानाच्या वाटेनेच काढली. आणखी वर्ष गेलं असतं तर इतकं सोपं झालं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डाव्या कानाला अजून कमी ऐकू येतं, हळूहळू सुधारेल. शुद्धीवर आल्यावर तिने मान इकडे वळवून पाहिली, तिकडे वळवून पाहिली. मी घाबरलो. मग म्हणाली, किती शांत आहे इथे. आणि माझा हात धरून ठेवला. त्यानंतर मात्र नर्सच्या मनगटावरचं घड्याळ मागे आहे म्हणून भांडण काढलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आता माझं. मी मीटरवाल्या बाईंना अजून सांगितलेलं नाही. आई रोज विचारत होती आणि मी रोज काहीतरी कारण देत होतो. काल जेवणाच्या सुट्टीत सांगणारच होतो, पण त्या उभ्या राहून डबा खात होत्या, आणि उभ्या असलेल्या माणसाला असलं काय सांगायचं? तू हसशील. हस.

एक शंका येते. परवा मी खोदकाम पाहायला शहराबाहेर गेलो होतो. परत आलो तर आई पट्टी बांधलेल्या डोक्यावर चांगला रुमाल घेऊन, चपला घालून दारात. म्हणाली, बटणं आणायला गेले होते. बटणं दिसली नाहीत. आणि कालपासून ऑफिसातली माणसं माझ्याशी फार गोड वागताहेत. तक्रार खिडकीवरच्या कारकुनाने स्वतःहून चहा आणून दिला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. तुला काही कळलं तर कळव.

लोभ नको, बातमी हवी.

तुझा,
दादा

०

४ मे

मायना काय लिहावा हे ठरवण्यात अर्धा तास गेला, म्हणून तो सोडून पुढे लिहिते.
सा. न. वि. वि.

तुमची तब्येत आता कशी आहे? त्या दिवशी तुम्ही डोक्याला पट्टी बांधून तक्रार खिडकीपाशी आलात आणि मीटरवाली कोण असं विचारलंत, तेव्हा मला वाटलं माझ्या हातून कोणाचा आकडा चुकला. मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेलात ते बरं केलंत. पण कानामुळे तुम्ही जरा मोठ्याने बोलत होतात. त्यामुळे खिडकीपुढच्या सगळ्या रांगेला, दोन्ही कारकुनांना आणि शिपायाला आता एसडीएचडी म्हणजे काय, ते वडिलांकडून कसं येतं आणि तुमचा भाचा किती मठ्ठ आहे, हे नीट ठाऊक आहे. रांगेतल्या एका आजोबांनी तर मला थांबवून सांगितलं की मुलगा वाईट वाटत नाही.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. फेब्रुवारीअखेर त्यांनी टेबल हलवलं, तेव्हापासून मी माझीच चूक शोधत होते. काय बोलले, काय बोलायला नको होतं, डबा खाताना फार हसले का, सगळं झालं. तुमच्या तोंडून खरं कारण कळलं आणि मला असा राग आला की परत जाऊन ते टेबल लाथेने खिडकीत ढकलावंसं वाटलं. मूल हवं की नको, झालं तर त्याला कधी तपासायचं, गाठ निघाली तर काय करायचं, हे दोन माणसांनी समोरासमोर बसून ठरवायचं असतं. एकट्याने टेबल हलवून ठरवायचं नसतं. हे सगळं मनात चालू असताना मला आतून फार आनंदही होत होता, तोही तुम्हाला सांगून टाकते.

शनिवारी मी तुम्ही सांगितलेल्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच जाऊन आले. कोणाचं नाव न घेता सगळं विचारलं. दर मुलामागे निम्मी शक्यता, त्या म्हणाल्या. पण आधीपासून माहीत असलं तर वर्षातून एकदा पाहायचं, आणि लहान असताना पकडायचं. त्यांनी दिवस राहण्याआधीच्या तपासण्याही सांगितल्या. मी सगळं ऐकून घेतलं, रस्ताभर विचार केला, घरी येऊन रात्री पुन्हा केला. भीती वाटते. नाही असं नाही. पण ती भीती त्यांच्या टेबलाशी बसून वाटून घ्यायला मला आवडेल.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? मी काय उत्तर दिलं ते खाली सहीत लिहिलं आहे. त्यावरून पुढच्या पत्राचा मायना तुम्हीच ठरवा.

आशीर्वाद असावेत, आणि ते कृपा करून जरा हळू आवाजात द्यावेत.

आपली,
भाचेसून

ता. क. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सांगते.